आपल्याकडे येतं का?

गच्चीवर किवी पिकेल असं सांगून रोपं विकणाऱ्यास अनावृत पत्र

महाशय,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला 'सप्रेम' लिहायची आमच्या घरची रीत आहे. तुमच्या बाबतीत ती मोडतो, कारण प्रेम उरलेलं नाही आणि खोटं लिहायचं नाही. हे पत्रच मुळात खोटं बोलण्याबद्दल आहे.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. पावती म्हणून तुम्ही दिलेल्या चिठोऱ्यावर '२ नग किवी, १३०० रु.' एवढंच होतं. वर दुकानाचं नाव नाही, खाली सही नाही. पत्ता नसलेल्या माणसाला पत्र लिहायचं, तर ते चारचौघांत उघडं ठेवावं लागतं. शिवाय तुमचा माल विकणारे तुम्ही एकटे नाही. रस्त्याकडेला टेम्पो लावून विकणारे आहेत, मोबाइलवर हिरव्यागार फोडींचे फोटो दाखवून घरपोच रोप पाठवणारे आहेत. त्या सगळ्यांनी हे पत्र आपल्या नावाने आलं आहे असं समजावं.

चार वर्षांपूर्वीचा जानेवारी. पुण्यातल्या एका झाडांच्या प्रदर्शनात तुमच्या स्टॉलवर फलक होता: 'प्लेटलेट वाढवणारी किवी, आता तुमच्या गच्चीत!' त्याआधीच्या सप्टेंबरात माझ्या आईला डेंग्यू झाला होता. पावसाळा संपता संपता पुण्यात डेंग्यूची साथ येते आणि फळवाल्याकडे किवी चढ्या भावाने जाते. आई दवाखान्यात असताना भेटायला येणारा प्रत्येक जण दोन-दोन, चार-चार किवी घेऊन यायचा. किवीने प्लेटलेट वाढतात याला ठोस वैद्यकीय पुरावा नाही. फळ चांगलं आहे, त्यात 'क' जीवनसत्त्व भरपूर आहे, पण आई बरी झाली ती डॉक्टरांच्या देखरेखीमुळे. तुमच्या फलकावरचं पहिलं खोटं ते होतं. ते मी बाजूला ठेवतो, कारण आईने रोप घेतलं ते स्वतःसाठी नव्हे. ती म्हणाली, "एवढं महागाचं फळ दारात असलं, तर गल्लीत कुणाला डेंग्यू झाला की चार नेऊन देता येतील."

रोप हातात घेऊन तिने तुम्हाला एकच प्रश्न विचारला होता. "आपल्याकडे येतं का हो हे?"

तुमचं उत्तर मला शब्दशः आठवतं. "मावशी, बिनधास्त लावा. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी आली, पुण्यात सफरचंद आलं, मग किवी का नाही येणार? दुसऱ्या वर्षी फळ धरेल. दोन न्या, दोन्हींना लागतील."

'आपल्याकडे येतं का?' हा प्रश्न रोपवाटिकेत पाऊल टाकणारा प्रत्येक माणूस विचारतो. माझ्या आजोबांनी आंब्याचं कलम घेताना विचारला असेल, त्यांच्या वडिलांनीही विचारला असेल. कापड घेताना हाताला लागतं, भाजी घेताना डोळ्यांना दिसते. फळझाडाचं तसं नाही. पिशवीतल्या वीतभर काडीत फळ दिसत नाही, ते तीन-चार वर्षांनी दिसणार असतं. तोवर घेणाऱ्याजवळ विकणाऱ्याचा शब्द तेवढा असतो. तुम्ही आम्हाला तेराशे रुपयांत शब्द विकलात, आणि तो नासका निघाला.

त्या शब्दावर माझ्या आईने काय काय केलं ते ऐका. दोनशे लिटरचे दोन निळे ड्रम अर्धे कापून आणले. लाल माती, शेणखत आणि निंबोळी पेंड मिसळून ते भरले. गच्चीवर जीआय पाइपचा मांडव उभारून घेतला, त्यावर तारा ताणल्या. वेल वाढली, आणि चांगली वाढली, हे मी नाकारत नाही. कोवळ्या फुटीवर तांबूस मखमली लव, हृदयाच्या आकाराची, हाताला खरखरीत लागणारी तळहाताएवढी पानं. पहिल्या पावसाळ्यात शेंडा तारेला लागला तेव्हा आईने शेजारणीला वर बोलावून दाखवला होता. मग एप्रिल आला. पानांच्या कडा भाजलेल्या पापडासारख्या कुरकुरीत झाल्या. तिने हिरवी जाळी बांधली, ड्रमभोवती गोणपाट गुंडाळून ते दिवसातून दोनदा भिजवलं. बोअरच्या जड पाण्याने पानं पिवळी पडली, फक्त शिरा हिरव्या राहिल्या. किवीला आंबटसर माती लागते, हे तुम्ही सांगितलं नव्हतं. दर पावसात ती पिंपं आणि बादल्या भरून ठेवायला लागली, या दोन वेलींना पावसाचं पाणी मिळावं म्हणून. सत्तरी ओलांडलेली बाई दोन जिने चढून बादल्या नेत होती.

आई अडाणी नाही. तिचं माहेर जुन्नरकडचं, घरी द्राक्षबाग. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी तिने लहानपणापासून पाहिली आहे. द्राक्षही मूळचं थंड मुलुखातलं, तिकडे हिवाळ्यात ते पानं गाळून झोपतं. आपल्या शेतकऱ्यांनी वर्षात दोनदा छाटून त्याला इथल्या हवेत फळावर आणलं. वेल छाटली की डोळे फुटतात आणि डोळ्यातून घड निघतो, हे तिने हजारदा पाहिलेलं. म्हणून दुसऱ्या जानेवारीत तिने किवी छाटली आणि रोज सकाळी एकेक डोळा तपासत बसली. पाला आला. तिसऱ्या वर्षी पाला आला. चौथ्या वर्षीही पालाच आला. तिला वाटलं, छाटणी आपल्याकडूनच चुकली. तुमच्यावर माझा सगळ्यात मोठा राग आहे तो या वाक्यासाठी. फसवणूक तुमची आणि दोष तिने स्वतःच्या हाताला दिला.

आता कारण सांगतो. ते तुम्हाला ठाऊक असायलाच हवं होतं, निदान रोपं विकायला बसण्याआधी विचारून घ्यायला हवं होतं.

हिवाळ्यात पानं गळल्यावर किवीचा डोळा झोपतो आणि पुरेशी थंडी खाल्ल्याशिवाय नीट जागा होत नाही. ही थंडी तासांत मोजतात, साधारण सात अंशांच्या खालचे तास. बाजारात जी किवी आपण खातो ती बहुतेक 'हेवर्ड' जातीची. तिला असे सातशे-आठशे तास लागतात. सातशे तास म्हणजे अखंड एकोणतीस दिवस आणि रात्री. पुण्यात पहाटे पारा आठ-नऊवर आला की आम्ही कानटोप्या शोधतो. सातच्या खाली उतरला तर दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी असते. दुपारी तोच पारा तिशीकडे जातो आणि पहाटे जमलेली थोडीफार थंडीही पुसून टाकतो. मग डोळे फुटतात ते मागेपुढे, अर्धवट, आणि त्यातून येतो तो पाला. छाटणी कितीही नेमकी असली तरी फूल येत नाही. माझ्या आईचा हात चुकला नव्हता.

हे कुणाला माहीत नव्हतं, असंही नाही. भारतात किवी पहिल्यांदा लावली गेली ती बंगळूरच्या लालबागेत, १९६० साली. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर, आपलं पुणे साडेपाचशेच्या आसपास. तिथली हवा आपल्याहून मऊ, बाग देशातल्या नावाजलेल्या बागांपैकी एक, माळी कसलेले. वेली वाढल्या, पण फळल्या नाहीत, कारण थंडी नव्हती. मग १९६३ मध्ये काही जाती शिमल्याजवळ फागलीच्या संशोधन केंद्रात लावल्या आणि १९६९ साली तिथे फळं धरली. पुढे हिमाचलात, अरुणाचलातल्या झिरो खोऱ्यात किवीचे मळे उभे राहिले. जो प्रयोग साठ वर्षांपूर्वी सरकारी बागेत करून संपला, तोच तुम्ही माझ्या आईच्या गच्चीवर तिच्या पैशाने पुन्हा करायला लावलात. निकाल आधीच लागलेला होता. तो तिला सांगणं हे तुमचं काम होतं.

आणि समजा, निसर्गाने चमत्कार केला असता, पुण्यात महिनाभर बर्फ पडलं असतं, तरी तुमची वेल फळली असतीच असं नाही. त्याचं कारण मला गेल्या वर्षी सोलनजवळ कळलं.

कामानिमित्त मे महिन्याच्या सुरुवातीला तिकडे गेलो होतो. ज्यांच्याकडे उतरलो त्यांच्या घरामागे किवीचा मांडव होता, नऊ वेलींचा. मांडवाखाली मान वर करून उभा राहिलो आणि फुलं पाहिली. चार वर्षं ज्या फुलाची वाट पाहिली ते पहिल्यांदा तिथे पाहिलं. पांढरं, सायीच्या रंगाकडे झुकणारं, जाड पाकळ्यांचं. घरच्या आजींनी एक फूल तोडून माझ्या तळहातावर ठेवलं. मधोमध पिवळ्या केसरांचं दाट वर्तुळ, बाकी काही नाही. मग त्यांनी दुसऱ्या वेलीवरचं फूल खाली वाकवून दाखवलं. त्याच्या मधोमध पांढऱ्या तंतूंची चांदणी उमललेली, आणि तिच्या बुडाशी बारीक लव असलेला फुगीर मणी. पुढे तोच मणी फळ होणार. "ये नर है, ये मादा," त्या म्हणाल्या. "नर नहीं, तो फल नहीं."

नराचं फूल हातात धरून त्यांनी ते मादीच्या पाच-सहा फुलांवर हळूच घासलं. मधमाश्या हे काम करतात, पण किवीच्या फुलात मध नसतो, त्यामुळे माश्या तिथे फारशा रेंगाळत नाहीत. म्हणून आजी रोज सकाळी तासभर हेच करतात. मोठ्या किवीत हजारभर काळ्या बिया असतात आणि फळ किती भरणार ते बिया किती धरल्या यावर ठरतं. त्यांच्या मांडवात आठ माद्यांमागे एक नर होता. नराच्या खोडाला लाल कापडाची चिंधी बांधलेली होती. मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, हिवाळ्यात पानं गेली की सगळ्या वेली सारख्या दिसतात, छाटणाऱ्या गड्याने चुकून नर कापला तर वर्ष वाया जातं. त्यांची कलमं जवळच्या नौणीच्या डॉ. यशवंतसिंह परमार विद्यापीठातून आणलेली. जातीचं नाव आणि नर की मादी हे सांगूनच ती दिली होती.

परत आल्यावर कृषी महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका परिचितांना आमच्या वेली दाखवल्या. खोडावर कलमाचा सांधा नव्हता. त्यांच्या मते ती बी पेरून केलेली रोपं असावीत. बियांपासून आलेली किवी नर आहे की मादी हे पहिलं फूल येईपर्यंत कळत नाही आणि ते फूल थंड मुलुखातही यायला बरीच वर्षं लागतात. म्हणजे चार वर्षं पाणी घालूनही आमच्याकडे दोन नर आहेत, दोन माद्या आहेत की जोडपं आहे, हे आम्हाला ठाऊक नाही. तुम्हालाही नव्हतं. तरी तुम्ही म्हणालात, "दोन्हींना लागतील." एकाच वेलीवर नर-मादीचं काम भागवणाऱ्या मोजक्या जाती जगात आहेत, पण थंडी त्यांनाही हवीच. तुमच्या रोपाला तर जातच नव्हती. चिठ्ठीवर 'किवी' एवढं लिहिलं होतं, जसं कुणी आंब्याच्या रोपावर नुसतं 'झाड' लिहावं.

मला तुमच्या धंद्याचा राग नाही. उलट या फळाची सगळी हकीकत तुमच्याच धंद्यातल्या माणसांनी घडवली आहे. मूळ फळ चीनचं, तिथलं त्याचं नाव 'माकडांचं पीच' अशा अर्थाचं. १९०४ मध्ये इझाबेल फ्रेझर नावाच्या मुख्याध्यापिकेने चीनमधून त्याच्या मूठभर बिया न्यूझीलंडला नेल्या. त्या अलेक्झांडर ॲलिसन यांच्याकडे पोचल्या, ते रोपवाले. त्यांच्याकडे १९१० साली फळ आलं. पुढे ऑकलंडजवळच्या हेवर्ड राइट यांनी, तेही रोपवालेच, अनेक रोपांतून एक मोठ्या, चवदार फळाची वेल निवडली. तीच आजची हेवर्ड. 'किवी' हे नाव १९५९ मध्ये व्यापाऱ्यांनी दिलं, पण त्यामागची मेहनत रोपवाल्यांची होती. रोप लावायचं, वर्षानुवर्षं पाहायचं, फळ चाखायचं आणि मग विकायचं. तुम्ही यातली पहिली तिन्ही कामं गाळलीत.

आणि ते पुण्यातलं सफरचंद! त्याचं नाव तुम्ही घ्यायला नको होतं. हिमाचलातल्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी उष्ण भागात येणारी, कमी थंडीत फळणारी सफरचंदाची जात शोधली. 'एचआरएमएन-९९' या नावाने ती देशभर लावून पाहिली गेली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आधी स्वतःच्या बागेत फळ धरलं, मग दुसऱ्यांच्या बागांत धरलं, आणि त्यानंतर त्यांनी 'येतं' म्हटलं. तुम्ही 'येतं' म्हणालात तेव्हा तुमच्या पाठीशी एकही फळ नव्हतं. त्यांच्या मेहनतीचा दाखला देऊन तुम्ही आपली थाप खपवलीत.

कुणी म्हणेल, तेराशे रुपयांचा काय एवढा बाऊ? पैसे मी केव्हाच सोडले. तुम्ही घेतलीत ती चार वर्षं. पंचविशीतल्या माणसाची चार वर्षं फुकट गेली तर तो पुन्हा लावेल. सत्तरीतल्या बाईने लावलेलं फळझाड वेगळं असतं. त्याचं फळ आपल्याला चाखायला मिळेल की नाही, हा हिशेब तिने मनाशी केलेला असतो आणि तरीही तिने ते लावलेलं असतं. त्या जागेवर, त्याच मांडवावर कृष्णफळ लावलं असतं तर एव्हाना गल्लीभर सरबत झालं असतं. पेरू किंवा अंजीर लावलं असतं तर चार बहार निघाले असते.

माझ्या मागण्या तीन आहेत आणि त्यात अवघड काही नाही.

पहिली, प्रत्येक रोपाला जातीचं नाव आणि नर की मादी हे लिहिलेली चिठ्ठी लावा. ठाऊक नसेल तर विकू नका. सोलनच्या आजींना एका चिंधीने जमतं, तुम्हाला छापखाना हाताशी असून का जमू नये?

दुसरी, या झाडाला किती थंडी लागते आणि ती इथे मिळते का, हे फलकावर किमतीएवढ्याच मोठ्या अक्षरात लिहा. कुणाला नुसत्या पानांसाठी वेल हवी असेल तर तो नेईल, आणि जाणूनबुजून नेईल.

तिसरी, पावती द्या. नावाची, पत्त्याची, सहीची. फळझाडांची रोपवाटिका चालवायला या राज्यात परवाना लागतो, तसा कायदा १९६९ पासून आहे. शिमल्याजवळ किवीला पहिलं फळ धरलं, त्याच वर्षीचा. फसव्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये नवा झाला आहे. तुमच्या त्या चिठोऱ्यावर नाव नव्हतं म्हणून मी दाद मागू शकलो नाही. नाव का नव्हतं, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे.

या जानेवारीत आम्ही पुन्हा त्या प्रदर्शनात आलो होतो. तुम्ही आम्हाला ओळखलं नाहीत. तोच फलक होता, फक्त रोपाची किंमत वाढली होती. एक तरुण जोडपं तुमच्यासमोर उभं होतं, मुलीच्या कडेवर लहान बाळ. तिने काडी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "आपल्याकडे येतं का हे?"

तुम्ही तोंड उघडायच्या आत माझी आई पुढे झाली. तिने त्या मुलीच्या हातातली काडी हळूच काढून घेतली आणि तुमच्या टेबलावर ठेवली.

"नाही येत, बाळा," ती म्हणाली. "मी चार वर्षं लावून पाहिलंय."

ते दोघं बाजूला झाले आणि आईशी बोलत राहिले. किती ऊन येतं, ड्रम केवढा घ्यावा, पेरू कोणता लावावा. पाहता पाहता तिच्याभोवती सहा-सात जण जमले. तुम्ही तिच्याकडे रागाने पाहत होतात, ते मी पाहिलं. पण ती तुमचा धंदा मोडत नव्हती. रोपवाल्याने द्यायचं उत्तर, तुम्ही दिलं नाहीत म्हणून, ती देत होती.

फलक बदला. तोवर दर जानेवारीला आम्ही येणार आहोत.

एक ग्राहक,
आणि तुमच्या त्या 'मावशीं'चा मुलगा
पुणे